आधी पडदा, मग मैदान
रेडिओ नियंत्रणावरचे विमान उडवायला शिकणाऱ्याने सुरुवातीचे कित्येक तास संगणकावरच्या सिम्युलेटरवर घालवावेत, असे माझे ठाम मत आहे. विमान दूर जात असते तेव्हा उजवे-डावे सरळ वाटते. ते वळून समोरून येऊ लागले की दिशा उलटतात आणि हात जुन्याच सवयीने चुकतो. विमान खाली येताना दिसले की शिकाऊ माणूस नाक वर खेचतो, वेग आणखी घटतो, पंखांची उचल तुटते आणि विमान कोसळते. हे समजायला पाच मिनिटे पुरतात, हाताला वळण लागायला मात्र असंख्य फेऱ्या लागतात. पडद्यावर त्या फुकट होतात; मैदानावर चुकीला पंख मोडतो.

कोणी म्हणेल, आता विमानातच जायरो असतो, तो तोल सांभाळतो. सांभाळतो, पण समोर झाड आल्याचे त्याला कळत नाही. पडद्यावर खरा वारा नसतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच पहिले विमान फोमचे, संथ, वरच्या बाजूला पंख असलेले घ्यावे. आणि शेजारी जाणता माणूस हवाच. दोन रिमोट जोडलेले असले की तो क्षणात ताबा घेऊ शकतो.