इनहेलरमधलं औषध संपत आलं, कसं ओळखावं?

दम्याचा पंप हलवला की आत काहीतरी डचमळतं, दाबला की फवारा उडतो. म्हणून घरची मंडळी तो भरलेला समजतात. पण औषधाचे मोजलेले डोस संपले तरी आतला वायू फुसफुसत राहतो. अशा पंपाने रात्री दादीजानची धाप कशी थांबणार? डबी पाण्यात तरंगवून पाहण्याची युक्तीही खोटी, वर पंप बिघडण्याची भीती. आकडा दाखवणारा काउंटर असेल तर उत्तम. नसेल तर आम्ही साधा हिशेब सुचवतो: डबीवर 200 डोस लिहिलेत, रोज 4 घेतले, तर 50 दिवस. सुरू केल्याची तारीख पंपावरच चिकटवा. अडीअडचणीच्या पंपाला हा हिशेब लागू नाही. दर दाबाला कॅलेंडरवर रेघ मारा, सुरुवातीला हवेत उडवलेले दाबही धरून. वीसेक उरले की नवा आणून ठेवा. ईदच्या दिवशी मोहल्ल्यातलं मेडिकल उघडं असेलच असं नाही.