नदीची सफाई : वेठ नव्हे, हक्क



पावसाळा तोंडावर आला की नदी-ओढ्यांची सफाई आणि काठावरचे वृक्षारोपण यांसाठी स्वयंसेवकांना हाक दिली जाते. परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावात अशी हाक आली, तर आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न उभा राहील. पिढ्यान्‌पिढ्या गावची घाण आपणच उपसली, मेलेली ढोरे आपणच ओढली. ती कामे टाकून देऊन आपण माणूस म्हणून ताठ उभे राहिलो. मग आता ‘स्वयंसेवक’ या गोंडस नावाखाली पुन्हा टोपली का उचलावी?

हा प्रश्न रास्त आहे. ज्याच्या मनात तो येत नाही, त्याला आपला इतिहास ठाऊक नाही. परंतु त्याचे उत्तर ‘आम्ही येणार नाही’ हे नव्हे. माझे मत असे की, आपण अवश्य जावे. मात्र आपल्या अटींवर जावे.

वेठ आणि श्रमदान यांत हाताचे काम एकच असते. फरक असतो तो हुकुमाचा. जन्मावरून काम लादले की ती वेठ होते, आणि भारतीय संविधानाच्या २३ व्या कलमाने ती निषिद्ध केली आहे. सर्वांनी मिळून स्वेच्छेने केलेले तेच काम कोणालाही हीन करीत नाही. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगावचे रस्ते झाडले. त्यांना तो झाडू कोणी वतन म्हणून दिला नव्हता. म्हणून पहिली अट ही की, प्रत्येक आळीतून, प्रत्येक घरातून माणूस यावा. पाटलाच्या मुलाच्या हाती फावडे आणि आपल्या मुलाच्या हाती घाणीची टोपली, अशी वाटणी दिसली की त्याच क्षणी काम थांबवावे आणि त्याचे कारण सर्वांसमक्ष सांगावे.

दुसरी अट अशी की, गटारात किंवा मैल्याच्या टाकीत कोणीही उतरणार नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करवून घेणे आणि संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरविणे हे गुन्हे ठरविले आहेत. सांडपाण्याची व्यवस्था करणे हे ग्रामपंचायतीचे व शासनाचे कर्तव्य आहे. ते करून घेण्यासाठी ग्रामसभेत लेखी मागणी करा. आपल्या श्रमाने त्यांच्या आळसावर पांघरूण घालू नका.

आता कोणी म्हणेल, इतक्या अटी घालण्यापेक्षा घरीच बसलेले काय वाईट? वाईट आहे, आणि ते कसे ते सांगतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्यावरील आपला हक्क उच्च न्यायालयात कायम होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. जे पाणी एवढ्या झगड्याने आपले झाले, ते नासत असताना काठावर उभे राहून पाहणे म्हणजे ‘हे आमचे नव्हे’ असे स्वतःच कबूल करणे होय. संविधानाच्या ५१-क या कलमाने नद्या, तलाव व वने यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. कर्तव्याच्या जागी जो हजर असतो, त्याला हक्काच्या जागेवरून उठविणे अवघड जाते.

आपल्या जिल्ह्याला पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. परतूर तालुक्यातून दुधना वाहते, दक्षिण सीमेवर गोदावरी आहे, आणि तरीही २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरची वाट पाहत होते. त्याच शहराच्या निजामकालीन घाणेवाडी तलावातील गाळ नागरिकांनी पुढाकार घेऊन काढला व शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेला. लोक एकत्र आले तर काय होते, हे दूर जाऊन पाहण्याचे कारण नाही.

कामास जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. पायांत बूट व हातांत मोजे असावेत. काचा व सुया हाताने उचलू नयेत. प्लास्टिक वेगळे करून पंचायतीच्या स्वाधीन करावे, काठावर जाळू नये. जलपर्णी मुळासकट काढावी, परंतु लव्हाळे आणि काठचे गवत उपटू नये. काठाची माती तेच धरून ठेवते. झाडे आपल्या मातीतली निवडा. पाण्याजवळ करंज, उंबर, जांभूळ व अर्जुन. जरा उंचावर कडुनिंब, वड, पिंपळ व गावठी बाभूळ. परदेशातून आलेली वेडी बाभूळ मात्र पसरू देऊ नका. ती बाकीच्यांना वाढू देत नाही. नदीच्या पात्रात झाड लावू नये, कारण पुराची वाट अडते. खड्डे उन्हाळ्यात घ्यावेत, रोप चांगला पाऊस पडल्यावर लावावे, काटेरी कुंपण करावे आणि निदान दोन उन्हाळे पाणी घालावे. २०१९ साली आपल्या राज्याने ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. आपण दहाच रोपे लावू, पण तिसऱ्या वर्षी ती मोजावयास जाऊ.

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे दिले आहे. आपल्याकडेही ओढ्याच्या अलीकडे वस्ती आणि पलीकडे गाव, अशी रेषा कित्येक ठिकाणी अजून पुसलेली नाही. त्या ओढ्यात दोन्ही काठांची माणसे एकाच दिवशी, एकच फावडे हातोहात देत उतरली, तर पाण्याबरोबर आणखीही काही स्वच्छ होईल. पलीकडचे आले नाहीत, तर तेही सर्वांना दिसेल, आणि पुढच्या ग्रामसभेत त्याचा जाब विचारता येईल.

म्हणून हाक येण्याची वाट पाहू नका. यंदा ती हाक आपल्या वस्तीतून जाऊ द्या.