जीन बदलणारा रस नको, मुलांच्या ताटात अंडे हवे

आले-हळदीचा अर्क, गव्हांकुराचा रस, 'पेशी दुरुस्त करणारी' पावडर अशा बाटल्या आणि डबे आता खर्ड्यासारख्या गावांतही साखळी पद्धतीने विकले जातात. विकणारा बहुतेक वेळा ओळखीचा, कधी नात्यातलाच असतो. किंमत मात्र मजूर बाईच्या कित्येक दिवसांच्या रोजाएवढी. पूर्वी 'ताकद वाढते' एवढेच सांगितले जाई. आता 'वनस्पतीतला मायक्रो आरएनए थेट तुमच्या जीनवर काम करतो' असे सांगतात. शब्द विज्ञानाचा असल्याने ऐकणारी बाई गप्प बसते. म्हणून तो शब्द आपण आधी समजून घेऊ.

शरीरात कोणते प्रथिन बनवायचे याची माहिती जीनमध्ये असते. तिची नक्कल निरोप्यासारखी पेशीत फिरते. मायक्रो आरएनए हा सुमारे २२ अक्षरांचा छोटा धागा त्या निरोपाला चिकटतो आणि प्रथिन बनणे थांबवतो किंवा कमी करतो. व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका बारीक कृमीत त्याचे काम उलगडले. २०२४ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. भात, गहू, आले यांतही असे धागे असतात.

मग जेवणातला धागा आपल्या पेशीत शिरून हुकूम सोडतो का? २०११ मध्ये चीनच्या नानजिंग विद्यापीठातील संशोधकांनी तसा दावा केला. भातातला एक मायक्रो आरएनए माणसांच्या रक्तात सापडला आणि उंदरांच्या यकृतात त्याने कोलेस्टेरॉल साफ करणारे प्रथिन कमी केले, असे त्यांचे म्हणणे होते. जगभर खळबळ उडाली. पण २०१३ मध्ये इतर गटांनी तपासले तेव्हा भात खाल्लेल्या उंदरांच्या रक्तात-यकृतात तो नगण्य आढळला. कोलेस्टेरॉल वाढण्याचे कारण खाद्यातला असमतोल असावा, असेही दिसले. कारण उघड आहे. जठरातले आम्ल आणि आतड्यातले पाचक रस असे धागे तोडतात. उरले तरी एका पेशीवर परिणाम व्हायला त्यांच्या भरपूर प्रती लागतात.

तरी विषय संपलेला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठाच्या गटाने आल्यातील अतिसूक्ष्म कण उंदरांना दिले. त्यांतले मायक्रो आरएनए आतड्यातल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी घेतले. मग जिवाणूंनी बनवलेल्या पदार्थांमुळे आतड्याचे अस्तर मजबूत झाले आणि सूज कमी झाली. म्हणजे अन्न बोलले ते आधी जिवाणूंशी, आणि जिवाणू बोलले आतड्याच्या पेशींशी. मोठी सुंदर गोष्ट आहे ही. पण ते उंदीर होते, आणि कण प्रयोगशाळेत वेगळे करून घट्ट केलेले होते. त्यावरून बाटलीतला रस माणसाचा आजार बरा करतो असे म्हणणे ही फसवणूक आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. तपासा, हितकारक ठरले तर स्वीकारा. बाटली विकणाऱ्याला आपणही तीन प्रश्न विचारू या. प्रयोग माणसांवर झाला का? दुसऱ्या कुणी तो पुन्हा करून पाहिला का? हाच पैसा अन्नावर खर्च केला तर काय मिळेल?

याला दुसरी बाजूही आहे, आणि आपल्या समाजासाठी ती जास्त गंभीर आहे. 'जसे अन्न तसा गुण' हा जुना सिद्धांत सात्त्विक-तामसिकाच्या नावाने आपल्यावर वापरला गेला. रक्ती, वजडी, चान्या खाणाऱ्याला हीन ठरवले गेले. अन्न आणि अस्पृश्यता यांचा संबंध बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात उलगडला. १९२७ ला महाडमध्ये त्यांनी मृतमांस सोडायला सांगितले ते गुलामीचे जिणे टाकण्यासाठी. मांसाहारी माणूस अशुद्ध असतो म्हणून नव्हे. उद्या कुणी मायक्रो आरएनएचे नाव घेऊन 'शाकाहाराने जीन शुद्ध होते' असे म्हटले, तर तो विज्ञानाचा सदरा घातलेला जुनाच विटाळ असेल. पालकाच्या धाग्याला जात कळत नाही आणि अंड्याच्या प्रथिनालाही कळत नाही.

खरा प्रश्न कमतरतेचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा राज्यात २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला. हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे सांगण्यात आले. ज्या गावातली कुटुंबे ऊसतोडीला जातात तिथे वर्गणी द्यायची कुणी? अंडे हा हक्क आहे, दान नव्हे. त्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा, शाळा व्यवस्थापन समितीत बोला.

आतड्यासाठी सिद्ध झालेले उपाय स्वस्त आहेत. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारे ब्युटिरेट हे तिथल्या पेशींचे खाद्य आहे. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा नको. परवडेल तेव्हा काळीज, मासे, अंडी खा, आणि त्याची लाज बाळगू नका. दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर रस पीत बसू नका. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा आणि लोहाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.

आपल्याच जामखेड तालुक्यात १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अक्षरओळख नसलेल्या, त्यांतल्या अनेक दलित, बायका तिथे शिकून गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. जुलाब, बाळंतपण, मुलांचे वजन, आहार हे सगळे त्या स्वतः समजून घेऊन दुसऱ्या बाईला समजावू लागल्या. या तालुक्याला बाटलीतल्या चमत्काराची गरज नाही. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास आरोग्यासाठी राखून ठेवा. घरात असतील त्या बाटल्या घेऊन या, लेबल मिळून वाचू. आणि अंड्याच्या ठरावावर सह्या तिथेच घेऊ.

जय भीम.