विज्ञानाच्या तासाची भाषा

बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५पासून दोन वर्षांचा झाला, तेव्हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नव्या आराखड्याबरोबर ‘लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम’ हा अर्धा पेपर आला. कल्पना जुनी आहे. प्रत्येक विषयाचा शिक्षक हा भाषेचाही शिक्षक असतो, हा विचार ब्रिटनमध्ये १९७५च्या बुलक समितीच्या अहवालाने ठामपणे मांडला होता. आपल्याकडे त्याचे काय झाले, हे विज्ञान अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या महाविद्यालयात तपासून पाहावे. बहुतेक ठिकाणी हा पेपर भाषेच्या प्राध्यापकांकडे जातो, छात्राध्यापक परीक्षेपुरत्या टिपा काढतात आणि विज्ञानाच्या सराव पाठाला उभे राहताना त्यातले काहीच सोबत नेत नाहीत. पाठ टाचणात उद्दिष्टे असतात, स्पष्टीकरणे असतात, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, स्वाध्याय असतात. समोरची मुले घरी काय बोलतात, शिकायच्या गोष्टीबद्दल ती आधीच काय म्हणतात, यासाठी रकाना नसतो. विज्ञान शिक्षकाच्या घडणीतली ही उणीव आम्हाला प्रयोगशाळांच्या दुरवस्थेपेक्षाही गंभीर वाटते.

या उणिवेच्या मुळाशी एक समजूत आहे: भाषा म्हणजे माध्यम. शाळेच्या नोंदीत मराठी, उर्दू किंवा सेमी-इंग्रजी असे लिहिले की भाषेचा प्रश्न मिटला आणि पुढे उरले ते शुद्ध विज्ञान, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विज्ञानाची संकल्पना मुलापर्यंत पोहोचते ती वाक्यांतूनच, आणि तिथेच ती अडते. ‘दार लाव, थंडी आत येतेय’ हे घरोघरीचे वाक्य आहे. त्यात थंडी ही बाहेरून आत शिरणारी वस्तू आहे. लोकरीचे कपडे ‘गरम’ असतात, हे दुसरे तसेच वाक्य. ही वाक्ये चुकीची नाहीत, व्यवहाराला ती पुरतात. पण उष्णतेच्या संक्रमणाचा पाठ त्यांच्यावरच येऊन आदळतो. ज्या छात्राध्यापकाला ती ऐकायला शिकवलेले नाही, तो व्याख्या फळ्यावर लिहून मोकळा होतो. मूल व्याख्या पाठ करते, आणि थंडी आत येतच राहते. पारिभाषिक शब्द जड आहेत ही तक्रार आपण नेहमी ऐकतो, पण अडचण बऱ्याचदा त्यांच्या आजूबाजूला असते. कॅसल्स आणि जॉन्स्टन यांनी १९८५मध्ये ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांविषयी हेच दाखवले होते. विज्ञानाच्या पुस्तकात आणि प्रश्नपत्रिकेत येणारे रोजच्या वापरातले शब्द आणि वाक्यांची ठेवण मुलांना चकवते, प्रश्न सोप्या रचनेत विचारला की तीच मुले बरोबर उत्तर देतात. ‘व्यस्त प्रमाणात’, ‘याउलट’, ‘असे आढळून येते’, जर-तरची लांबलचक वाक्ये यांचा आपल्या पुस्तकांतला भार मोजून पाहण्यासारखा आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या महापालिका शाळांच्या संदर्भात या अडसराचा अभ्यास केला. आशय कमी न करता विज्ञानाची भाषा सोपी करण्याचे काम त्यांनी हाती घेतले, त्याला आता चार दशके उलटली. ते काम मुंबईत झाले, मराठी शाळांमध्ये झाले, तरी आपल्या आशययुक्त अध्यापन पद्धतीच्या पुस्तकांत त्याची नोंद अपवादानेच सापडते.

हे झाले घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचे. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तिथे घराघरात भिली, पावरी, मावची बोलली जाते. मेळघाटात कोरकू आहे, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळकडे कोलामी. यांतल्या सगळ्या भाषांना मराठीच्या बोली समजून चालणार नाही. कोरकू मुंडा कुळातली आहे, गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या. म्हणजे पहिलीतल्या कोरकू मुलाला मराठी ही तमिळ मुलाला हिंदी वाटावी तितकी परकी असू शकते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क ने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय व्हावी असे सांगितले, शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले, २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला. पण आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला जाणाऱ्या तरुणाला त्याच्या प्रशिक्षणात यातले काय मिळते? त्याची आंतरवासिता बहुधा तालुक्याच्या ठिकाणच्या अनुदानित शाळेत होते. तिथे तो ज्या शांत वर्गाला ‘शिस्तबद्ध’ म्हणायला शिकतो, तीच शांतता धडगावच्या किंवा भामरागडच्या वर्गात त्याला ‘मुले हुशार नाहीत’ अशी वाटू लागते. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे, आणि तो त्या शिक्षकाच्या मनात आपण प्रशिक्षण देणाऱ्यांनीच पेरलेला आहे.

भाषेबरोबर संस्कृती येते, आणि तिचे नाव काढले की विज्ञानाची माणसे सावध होतात. गुरुत्वाकर्षण रत्नागिरीत आणि रशियात सारखेच, मग संस्कृतीचा संबंध काय, असे विचारले जाते. नियम सारखाच आहे, तो कळण्याची वाट सारखी नाही. भरती-ओहोटीचेच घ्या. नागपूरच्या मुलाला ती चित्रातून समजून घ्यावी लागते. कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या मुलाला उधाण आणि भांग माहीत असतात, तिथीशी त्यांचा संबंध माहीत असतो, आणि तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते हा हिशेबही घरात कोणीतरी करत असते. आता हा आडाखा वर्गात आणून तपासायला दिला तर? पाऊणपट म्हणजे दर तिथीला पंचेचाळीस मिनिटे. चंद्रामुळे भरती दिवसागणिक सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे प्रतिपदेला जुळणारा आडाखा पौर्णिमेपर्यंत तासाभराने मागे पडायला हवा. छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून मुलांना हे पंधरा दिवसांत स्वतः पडताळता येईल. शिवाय आडाखा थोडा चुकत असूनही पिढ्यान्‌पिढ्या का टिकला, हा प्रश्न त्यातूनच निघेल. होडी काढायची वेळ ठरवायला किती अचूकता पुरते? निरीक्षण, नमुना, भाकीत, त्रुटी, अचूकता हे सगळे यात आले, आणि कोळ्याच्या मुलाच्या घरचे ज्ञान खरे की खोटे असा निकाल न लावता ते मोजता आले. भाताच्या रोपांसाठी राब भाजणे, मिठागरातले बाष्पीभवन, मोहाची फुले आंबणे यांतूनही असे पाठ उभे राहतात. त्यासाठी शिक्षकाला दोन्हीकडचे कळावे लागते, आणि ही जोड घालणे हे शिकवण्याजोगे कौशल्य आहे.

संस्कृतीला दार उघडले की छद्मविज्ञान आत येईल, ही भीती आम्ही हलक्यात घेत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे घटनेत १९७६पासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली याच महाराष्ट्रात खून झाला. पण दार बंद ठेवल्याने श्रद्धा वर्गाबाहेर राहत नाहीत, त्या फक्त न बोलता आत बसतात. साप चावल्यावर भगताकडे जायचे की सरकारी दवाखान्यात, हा प्रश्न पावसाळ्यात कितीतरी मुलांच्या घरी प्रत्यक्ष उभा राहतो. ग्रहणात गरोदर बाईने काय करायचे नाही, पाळीच्या दिवसांत मुलीने काय शिवायचे नाही, हे मुलांना पाठ असते. प्रजननसंस्थेचा पाठ घाईने उरकणारा शिक्षक या श्रद्धांना हात लावत नाही, म्हणून त्या टिकतात. मुलाचा अपमान न करता, पण सत्याशी तडजोडही न करता या विषयांवर कसे बोलावे, हे एकाही सराव पाठात पाहिले जात नसेल, तर वैज्ञानिक दृष्टिकोनाची शपथ निव्वळ औपचारिक ठरते.

पालकांना इंग्रजी हवे आहे, हा आक्षेप अधिक अवघड आहे. त्यामागे नोकरीची आणि प्रतिष्ठेची खरी ओढ आहे, आणि ती नाकारण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र अनुभव काय सांगतो तेही पाहावे. मलेशियाने २००३मध्ये विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली, २००९मध्ये ते धोरण मागे घेण्याचे जाहीर केले आणि २०१२पासून टप्प्याटप्प्याने बदल केला. शिक्षकांची तयारी आणि ग्रामीण मुलांची पिछेहाट ही तिथली मोठी दुखणी होती. याउलट नायजेरियात इफे येथे १९७०मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात मुलांना विज्ञानासह सगळे विषय सहा वर्षे योरुबातून शिकवले, इंग्रजी स्वतंत्र विषय म्हणून चांगल्या शिक्षकाकडे दिली. तीन वर्षांनी इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांपेक्षा ती मुले एकूण पुढे राहिली, आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. तरीही सेमी-इंग्रजी वर्ग उद्या बंद होणार नाहीत. म्हणून तिथे शिकवणाऱ्याला विचार आधी मराठीत करू देऊन मग तो इंग्रजीत कसा मांडायला लावायचा, याचे प्रशिक्षण हवे. आज तो इंग्रजी वाक्य वाचतो, मराठीत सांगतो आणि प्रश्नोत्तरे इंग्रजीत लिहून देतो. ही त्याने स्वतःच शोधलेली तडजोड आहे, आपण त्याला दुसरे काही दिलेले नाही.

एका वर्गात चार भाषा असतील तर शिक्षकाने चारही शिकायच्या का? नाही. वर्गात भाषेला जागा देण्याचे काही मार्ग साधे आहेत. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. परक्या भाषेत विचार करणाऱ्या मुलाला ते सेकंद सर्वांपेक्षा जास्त लागतात. गटात आधी घरच्या भाषेत बोलायचे आणि मग सगळ्यांसमोर मांडायचे, याला शिक्षकाला ती भाषा यावी लागत नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत सुरू झाला आणि २००२मध्ये बंद करण्यात आला. त्याची ताकद पुस्तकांइतकीच शिक्षकांच्या मासिक बैठकांत होती. वर्गात मुले काय म्हणाली, यावर तिथे शिक्षक एकमेकांशी बोलत. ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला गावोगावची मुले पत्रे लिहून प्रश्न विचारत, आणि त्यांना उत्तरे मिळत. वेळ नाही, अभ्यासक्रम संपत नाही, ही अडचण खरी आहे. पण अर्धा पेपर आधीच वेळापत्रकात आहे. तो विज्ञान पद्धतीच्या प्राध्यापकांनी भाषेच्या प्राध्यापकांसोबत घ्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, अध्यापक विद्यालये आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालये यांतल्या सहकाऱ्यांना आमची विनंती आहे. येत्या सत्रात विज्ञानाच्या पाठ टाचणात एक रकाना वाढवा: मुले याविषयी घरी काय म्हणतात. पाठ निरीक्षणाच्या नमुन्यात शिक्षक किती बोलला याच्या शेजारी मुले किती बोलली, कोणती मुले बोलली, हे नोंदवा. आंतरवासितेतला किमान एक टप्पा आश्रमशाळेत, उर्दू शाळेत किंवा स्थलांतरित मजुरांची मुले असलेल्या शाळेत ठेवा. आणि छात्राध्यापकांनी आपल्या एका विज्ञान पाठातले मुलांचे बोलणे, नावे वगळून, जसेच्या तसे उतरवून आमच्याकडे पाठवावे. पुढच्या अंकांपासून त्यासाठी आम्ही पाने राखून ठेवत आहोत.