पांढर्‍या अस्वलाचा धडा

मुलांच्या बहुतेक चित्रमय पुस्तकांत पांढरें अस्वल व पेंग्विन पक्षी एकाच हिमखंडावर शेजारीं शेजारीं उभीं केलेलीं आढळतात. चित्रकाराच्या कुंचल्यास पृथ्वीचीं दोन टोकें जोडावयास कष्ट पडत नाहींत. तें साहचर्य मुलाच्या मनांतून उखडावयास शिक्षकास मात्र फार पडतात. अस्वल उत्तरेचें, हिमावरचा पेंग्विन दक्षिणेचा. सृष्टींत त्यांची गांठ पडत नाहीं.

वस्तुतः हा भेद नांवांतच सांठविलेला आहे. ग्रीक भाषेंत अस्वलास ‘आर्क्टोस’ म्हणतात. उत्तरेच्या आकाशांत ग्रीकांनीं अस्वल कल्पिलें, त्यावरून त्याखालील प्रदेश तो आर्क्टिक, व त्याच्या उलट बाजूचा तो अँटार्क्टिक. हा आर्क्टोस आपल्या ‘ऋक्ष’ शब्दाचा सख्खा भाऊ होय. आणि सप्तर्षींस पूर्वीं ऋक्ष म्हणत, असें शतपथब्राह्मणांतही सांगितलें आहे. प्रदेशास नांव मिळालें तें तार्‍यांच्या अस्वलावरून, बर्फावरच्या नव्हे, ही गंमत ऐकलेलें मूल पुन्हां पेंग्विनापाशीं घसरत नाहीं.

‘पांढरें अस्वल बर्फांत राहतें’ हें उत्तर परीक्षेस पुरतें, समजुतीस पुरत नाहीं. कोणत्या बर्फांत? गोठलेल्या समुद्राच्या. त्याचें मुख्य भक्ष्य सील नांवाचा प्राणी. तो श्वास घ्यावयास बर्फाच्या भोंकाशीं येतो, आणि अस्वल तेथें दबा धरून बसतें. मोकळ्या पाण्यांत सील त्याच्या हातीं क्वचितच लागतो. तेव्हां तो बर्फ म्हणजे अस्वलाचें शेतच म्हणावयाचें.

सीलाच्या चरबीवर पोसून अस्वल स्वतः चरबीचा जाड थर धरतें. तो थंडी कशी अडवितो हें घरींही दाखवितां येईल. दोन पिशव्यांच्या मध्यें थिजलेलें वनस्पति तूप भरून मुलाचा एक हात आंत घालावा, व दोन्ही हात बर्फाच्या पाण्यांत बुडवावयास सांगावें. उघडा हात आधीं बाहेर येतो. (तूप नासलें म्हणून आजीबाई रागावल्यास तो राग आमच्या माथीं!)

कॅनडांत हडसन उपसागराच्या कांठीं सुमारें ९०० वस्तीचें चर्चिल हें गांव आहे. उन्हाळ्यांत समुद्र वितळला कीं अस्वलें किनार्‍यावर येतात, आणि पाणी गोठेपर्यंत जवळजवळ उपाशीं राहतात. ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळीं तेथील मुलें सोंगें घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात, तेव्हां अस्वलांसाठीं गांवाभोंवतीं गस्त ठेवावी लागते! आतां बर्फ लौकर वितळतो, उशिरां धरतो. उपवास लांबतो, मादीचें दूध आटतें. उपसागराच्या पश्चिम भागांत २०१६ सालीं अदमासें ८४२ अस्वलें होतीं, २०२१ सालीं ६१८. कांहीं शेजारीं गेलीं असण्याचा संभव पाहणी करणारांनीं नोंदविला आहे, हेंही सांगावें.

कोवळ्या मनांस हें कशास, असें कित्येक पालक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्या मुलांस सीतेचा वनवास पचतो त्यांस हेंही पचेल. मात्र कोळसा व तेल जाळल्यानें हवा तापते, हें कारण सोबत द्यावें. नुसतें रडविणें हें शिक्षण नव्हे. शिवाय १९७३ सालीं ओस्लो येथें कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत संघ व अमेरिका या पांच राष्ट्रांनीं अस्वलाच्या शिकारीस आळा घालणारा करार केला, हीही कथा आहेच. तीं राष्ट्रें नकाशावर मुलांकडूनच शोधवावीं. डेन्मार्क यांत कोठून आलें, असें कोणीं विचारलेंच, तर ग्रीनलंडाकडे बोट दाखवावें.