सकाळी मोकळे, दुपारी बंद

चिपळूणच्या बाजूला आमचे एक जुने स्नेही राहतात. त्यांच्या घरात जहाजावर गेलेली माणसे पुष्कळ. वडील, दोन चुलते, मेहुणा, सगळे दर्यावरचे. विमान चालवायला निघालेला मात्र त्यांचा धाकटा मुलगा पहिलाच. दीड वर्षापूर्वी तो शिकायला अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. त्यासाठी थोडी जमीन विकली, थोडे कर्ज काढले, अम्मीच्या बांगड्याही गेल्या. खासगी वैमानिकाचा परवाना त्याला मिळाला आहे. आता पुढच्या परवान्यासाठी उड्डाणाचे तास भरायचे, म्हणून भाड्याचे छोटे विमान घेऊन तो एकटाच या गावाहून त्या गावाला जाऊन येतो.

मध्यंतरी एका रात्री त्या घरातून फोन आला. आधी त्याची अम्मी बोलली. "सलाम भाईजान, तुम्ही लिहिता-वाचता, जरा यांना समजवा." मग स्नेही फोनवर आले, त्यांचा आवाज उतरलेला होता. हकीकत अशी की मुलगा सकाळी सगळ्या सूचना वाचून निघाला. दुसऱ्या विमानतळावर उतरला, तेल भरले, डबा खाल्ला, दोन-अडीच तास थांबून परत फिरला. उतरल्यावर काउंटरवरच्या माणसाने त्याच्या हातात एक फोन नंबर ठेवला. नियंत्रण कक्षाने बोलावले होते. राष्ट्राध्यक्षांचा दौरा होता, बंदीची वेळ मध्येच अलीकडे ओढली गेली होती आणि आमचा हा मुलगा बंद झालेल्या आकाशाच्या कडेने सहा-सात मिनिटे उडून आला होता. त्याला काहीही दिसले नव्हते. दिसणार तरी काय? आकाशात ना फाटक, ना पाटी.

त्याच्या शिक्षकाने सांगितले, दहा दिवसांच्या आत घडले ते सगळे लिहून 'नासा'कडे पाठव. स्नेह्यांना हे अजिबात पटेना. "स्वतःच्या हाताने गुन्हा लिहून द्यायचा? परका मुलुख, त्यात आपलं नाव हे असलं. गप्प बसावं, विचारलं तर बघू." अम्मीचे म्हणणे वेगळे. "चूक झाली ना? मग सांगून मोकळं व्हावं." दोघांच्या मध्ये मुलगा, आणि आता आम्ही.

आम्हाला विमानातले ओ की ठो कळत नाही. दोन रात्री बसून वाचले. वाचले ते आमच्या वाचकांनाही सांगावेसे वाटते, कारण आपल्या घरांतली मुले आता अशा शिक्षणाला जाऊ लागली आहेत.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिथे जातात तिथे त्यांच्याबरोबर आकाशाचा एक मोठा गोल तुकडाही बंद होत जातो. बाहेरचे वर्तुळ सहसा 30 सागरी मैल त्रिज्येचे, म्हणजे सुमारे 55 किलोमीटर. आतले 10 सागरी मैलांचे. उंची 18,000 फुटांपर्यंत. बाहेरच्या वर्तुळातून जाता येते, पण आधी उड्डाणाची योजना नोंदवायची, विमानाला दिलेला खास सांकेतिक क्रमांक यंत्रावर लावायचा आणि नियंत्रकाशी सतत बोलत राहायचे. शिकाऊ उड्डाणांना मनाई. आतल्या वर्तुळात छोट्या खासगी विमानाला जवळजवळ थाराच नाही. फ्लोरिडात पाम बीचजवळ लँटाना नावाचा छोटा विमानतळ आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प जवळच्या आपल्या घरी राहायला आले की तो या आतल्या वर्तुळात सापडतो आणि तिथल्या छोट्या धंद्यांची कमाई बसते. मोठ्यांच्या येण्याने गरिबाचे दुकान बंद होण्याचा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

राष्ट्राध्यक्षांचेच कशाला, वणवा लागला, पूर आला, की तिथले आकाश बंद. मोठ्या स्टेडियममध्ये महत्त्वाचा सामना असला, तर सामन्याआधी एक तासापासून नंतर एक तासापर्यंत, तीन सागरी मैलांत, 3,000 फुटांपर्यंत बंद. नाव 'तात्पुरती बंदी', पण कुठली किती काळ चालेल याचा नेम नाही. डिस्नेच्या फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या करमणूक नगरींवर 2003 साली अशी बंदी घातली, ती आजही चालू आहे. मिकी माऊसच्या डोक्यावरचे आकाश इतकी वर्षे 'तात्पुरते' बंद!

या सगळ्याची खबर वैमानिकाला 'नोटॅम' नावाच्या सूचनांतून मिळते. उड्डाणापूर्वी त्या उड्डाणाशी संबंधित उपलब्ध असलेली सर्व माहिती वैमानिकाने करून घेतली पाहिजे, असा नियम आहे. 'सर्व' हा शब्द फार मोठा आहे. नोटॅमच्या ढिगात कुठल्या धावपट्टीचा दिवा बंद आहे, कुठे क्रेन उभी आहे, हेही असते. त्यातच कुठेतरी ही बंदी. आणि सकाळी वाचलेले दुपारी बदललेले असू शकते. आमच्या मुलाचे नेमके इथेच चुकले. परतीच्या वेळी त्याने पुन्हा पाहिले नाही. म्हणजे त्याला ठाऊक नव्हते हे खरे, आणि ठाऊक करून घेणे त्याच्या हातात होते हेही तितकेच खरे.

न कळत झालेली अशी चूक कुठवर जाऊ शकते, याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण 11 मे 2005 चे. पेनसिल्व्हेनियातल्या स्मोकटाउन इथून दोघे जण सेसना 150 या विमानातून निघाले. एक परवानाधारक, दुसरा विद्यार्थी. जायचे होते नॉर्थ कॅरोलायनात लंबरटनला, विमानांच्या कसरती बघायला. सेसना 150 म्हणजे दोन माणसांपुरते विमान. माणसे आणि तेल धरूनही फार तर 725 किलो, आपल्याकडच्या लहान मोटारीएवढे. वॉशिंग्टन शहराभोवती त्या काळी बंदीचे मोठे क्षेत्र आखलेले होते. तेही आधी तात्पुरतेच होते, 2009 मध्ये कायमचे झाले. ही जोडी रस्ता चुकून त्यात शिरली आणि व्हाइट हाउसपासून सुमारे तीन मैलांपर्यंत पोहोचली.

खाली एकच धावपळ. व्हाइट हाउस, संसद आणि सर्वोच्च न्यायालय रिकामे करण्यात आले, माणसे अक्षरशः पळत सुटली. उपराष्ट्राध्यक्षांना हलवले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आणि पाहुण्या म्हणून आलेल्या नॅन्सी रेगन यांना सुरक्षित जागी नेले. राष्ट्राध्यक्ष बुश तेवढे मेरीलँडमध्ये सायकल चालवत होते. त्यांना ही खबर सायकलफेरी आटोपल्यावर मिळाली! वर एफ-16 विमानांनी इशाऱ्याचे जळते गोळे सोडले. एफ-16 ला इतके सावकाश उडताच येत नाही, त्यामुळे ती त्या चिमुकल्या विमानाभोवती घिरट्या घालत राहिली. एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरही होते. अखेर सेसना वळली आणि तिला फ्रेडरिकच्या विमानतळावर उतरवले. दोघांना बेड्या घातल्या, चौकशी केली आणि त्याच दिवशी सोडून दिले. इरादा वाईट नव्हता हे स्पष्ट झाले होते, खटला झाला नाही. पण विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, परवानाधारकाचा परवाना रद्द केला. निघण्यापूर्वी हवामान पाहिले नाही, बंदीच्या सूचना पाहिल्या नाहीत, असा ठपका होता. विद्यार्थ्यावर कारवाई केली नाही, कारण विमानाची जबाबदारी त्याची नव्हती.

हे वाचताना एक गोष्ट आमच्या मनात राहून गेली. त्या दोघांना शिक्षा करून खाते थांबले नाही. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये जमिनीवरून लाल-लाल-हिरवा असा लेझरचा झोत दाखवून भरकटलेल्या वैमानिकाला सावध करण्याची सोय सुरू झाली. पुढे 2009 पासून शहराच्या 60 सागरी मैलांत नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला या नियमांचे खास प्रशिक्षण सक्तीचे झाले. म्हणजे माणूस चुकला हे मान्य, पण चुकण्याची वाट कुठून गेली तेही शोधले.

आता आमच्या स्नेह्यांचा प्रश्न, स्वतःहून लिहून द्यायचे का? याचे उत्तर एका दुःखद अपघातात आहे. 1 डिसेंबर 1974 रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे एक बोइंग 727 वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर उतरायला येत असताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळले. 92 माणसे, एकही वाचला नाही. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक लावला, नियंत्रकांना दुसराच अभिप्रेत होता, आणि विमान लवकर खाली आले. चौकशीत कळले की सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांची त्याच ठिकाणी तशीच गफलत झाली होती. ते थोडक्यात वाचले, त्यांनी आपल्या कंपनीला सांगितले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. शेजारच्या घरापर्यंत मात्र ती खबर गेलीच नाही.

त्यानंतर ठरले की चुकांची हकीकत एका ठिकाणी जमली पाहिजे. पण शिक्षा करणाऱ्या खात्याकडेच चूक कोण कबूल करणार? म्हणून 1976 मध्ये हे काम नासाकडे दिले. नासाकडे ना दंड करण्याचा अधिकार, ना परवाना काढून घेण्याचा. वैमानिक हकीकत लिहून पाठवतो. नाव-पत्ता असलेली पट्टी नासाचे लोक फाडून, तारखेचा शिक्का मारून त्यालाच परत पाठवतात. उरलेल्या कागदावर कुणाचे नाव राहत नाही, राहते ती फक्त चूक. अशा लाखो हकिकती तिथे जमल्या आहेत, निवडक छापूनही येतात.

आणि लिहिणाऱ्याला काय मिळते? चूक मुद्दाम केलेली नसेल, अपघात किंवा फौजदारी गुन्हा नसेल, मागच्या पाच वर्षांत दुसरे उल्लंघन सिद्ध झालेले नसेल आणि हकीकत दहा दिवसांत पाठवली असेल, तर उल्लंघनाची नोंद झाली तरी दंड किंवा निलंबन लादले जात नाही. पाठवली नाही तर अशा चुकीला साधारण 30 ते 90 दिवस परवाना निलंबित होऊ शकतो. उलट संरक्षित आकाशात जाणूनबुजून शिरणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नियत काय होती, यावर तिथल्या कायद्यातही एवढा फरक पडतो.

हे सगळे आम्ही स्नेह्यांना फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण नियत चांगली होती हे त्यांनी मानायला तर हवं ना." त्यांच्या भीतीला आम्ही हसलो नाही. परदेशात पोर एकटे आहे, नाव ऐकून समोरच्याच्या कपाळावर आठी पडते का हे बघण्याची सवय त्यांना आहे, कर्जाचे हप्ते चालू आहेत. आम्ही एवढेच म्हणालो की रडारवर विमान दिसले आहे, नंबर हातात आला आहे, तेव्हा गप्प राहून लपण्यासारखे काही उरलेले नाही. लिहिले तर निदान त्याची बाजू त्याच्या शब्दांत, तारखेनिशी राहील.

इथे वाचकांसाठी एक छोटी गोष्ट. लग्नात ड्रोन उडवून शूटिंग करण्याची हौस आता आपल्या घरांतही आली आहे. मुंबई पोलीस वेळोवेळी ठराविक मुदतीसाठी ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून उडवायला बंदी करणारे आदेश काढतात. ड्रोनवाल्याला बयाणा देताना त्या तारखेला, त्या जागी परवानगी आहे का, हे विचारून घ्या. वलीम्याच्या दिवशी मांडवात पोलीस आले तर "आम्हाला ठाऊक नव्हतं" म्हणणे फार केविलवाणे दिसते.

मुलाने आठव्या दिवशी हकीकत पाठवली. आधी नियंत्रण कक्षाच्या नंबरावर फोन करून नाव, विमान, वेळ सगळे खरे सांगितले. शिक्का मारलेली पट्टी परत आली, ती त्याने पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहे. खात्याचे पत्र अजून आलेले नाही. समज देऊन, थोडे जादा प्रशिक्षण घ्यायला लावून सोडतील, असा शिक्षकाचा अंदाज आहे. तो आता निघताना सूचना बघतो, तेल भरल्यावर पुन्हा बघतो आणि परत निघण्यापूर्वी माहिती कक्षाला फोनही करतो. अम्मी रोज रात्री विचारते, "आज तुमच्याकडचं आभाळ उघडं होतं का रे?"