नळीचा पीळ आणि नेमबाजाचा विवेक

भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ज्याचे आयुष्य गेले, त्याला सुताच्या पिळाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पीळ कमी पडला तर धागा तुटतो. गरजेहून अधिक झाला तर तो आपल्याच अंगावर उलटतो आणि त्याला गाठी पडतात. जाड सुताला एक पीळ, बारीक सुताला दुसरा. रायफलीच्या नळीची गोष्टही याहून निराळी नाही. नळीच्या आत जे आटे पाडलेले असतात, ते गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि त्या फिरण्यामुळेच भोवऱ्याप्रमाणे गोळीचा तोल टिकतो. किती इंचांच्या अंतरात एक पूर्ण फेरा व्हावा, हे त्या नळीचे ‘पीळमान’. नेमबाजीकडे वळू पाहणाऱ्या आजच्या तरुणाला मोठ्या बोरचे आकर्षण असते. या पिळाचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो.

या विषयाचा आपल्या राष्ट्रीय इतिहासाशीही संबंध आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराचे तात्कालिक निमित्त ठरलेली चरबीयुक्त काडतुसे ज्या बंदुकीची होती, ती १८५३ ची एनफिल्ड रायफल .५७७ बोरची. तिचे पीळमान ७८ इंचांत एक फेरा आणि नळी ३९ इंचांची. म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळी जेमतेम अर्धा फेरा घेई. काडतूस तोंडाकडून भरायचे आणि आट्यांत काजळी साचलेली, म्हणून वंगण हवे. एका तांत्रिक गरजेकडे पाहताना राज्यकर्त्यांनी कोट्यवधींच्या श्रद्धेचा विचारच केला नाही, आणि त्यातून वणवा पेटला. त्याच सुमारास जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने .४५१ बोरची, षट्कोनी नळीची आणि २० इंचांत एक फेरा देणारी रायफल सिद्ध केली होती. १८५७ च्या चाचण्यांत लांबच्या पल्ल्यावर तिने एनफिल्डला सहज मागे टाकले. बोर लहान, गोळी लांबट, पीळ जलद. हे तिच्या यशाचे गमक होते. तरीही खर्च आणि लहान नळीत लवकर धरणारी काजळी यांमुळे सैन्याने ती स्वीकारली नाही. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परकीय सत्तेने सामान्य भारतीयाच्या हातातील शस्त्रच काढून घेतले. शस्त्रविद्येशी असलेला समाजाचा संबंध तुटला. आणि संबंध तुटला की जाण लोपते, उरते ते केवळ कुतूहल किंवा भय.

व्हिटवर्थने प्रयोगाने जे दाखवले, ते १८७९ मध्ये जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने सूत्रात बांधले. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. इंचांत जे उत्तर येईल ते शिशाच्या गोळीला पुरेसे पीळमान. गोळी जितकी लांब, तितका पीळ जलद हवा, हे त्याचे सार. ऑलिम्पिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात चालणाऱ्या .२२ बोरच्या, म्हणजे ५.६ मिलिमीटरच्या गोळीला हे सूत्र लावले, तर उत्तर १६ इंचांच्या आसपास येते. आणि जगभर या बोरच्या स्पर्धेच्या रायफलींचे प्रचलित पीळमान नेमके १६ इंचांत एक फेरा हेच आहे. सुमारे २.६ ग्रॅमची ही गोळी ध्वनीच्या वेगाहून थोड्या कमी वेगाने निघते आणि मिनिटाला सुमारे ४९ हजार फेऱ्यांच्या गतीने फिरत लक्ष्य गाठते. वेग मुद्दाम ध्वनीच्या खाली राखलेला असतो, कारण ती सीमा ओलांडताना गोळीचा तोल बिघडतो. पीळ अकारण वाढवला तर गोळीतील सूक्ष्म दोषही मोठा होऊन समोर येतो. कमी ठेवला तर गोळी डुलू लागते. म्हणून अतिरेक नको, पुरेसेपणा हवा.

हे सारे ज्या लक्ष्यासाठी, त्याचा आकारही ध्यानात घ्यावा. ५० मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, तर १० मीटर एअर रायफलचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. येथे मोठ्या बोरचा दणका उपयोगाचा नसतो. धक्का वाढतो, खर्च वाढतो आणि सराव घटतो. या स्पर्धांत रायफलीत एका वेळी एकच गोळी भरायची असते. त्यामागे एक संस्कार दडलेला आहे. दुसरी गोळी तयार नाही, हे ज्याला ठाऊक आहे, तो पहिली गोळी श्वास आवरून, मन स्थिर करून सोडतो.

या संस्काराची फळे महाराष्ट्राने पाहिली आहेत. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली अंजली भागवत अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ च्या आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. दोघींच्याही हातात ४.५ मिलिमीटरची एअर रायफल होती. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारात भारताचे ते पहिलेच ऑलिम्पिक पदक. शिक्षकाच्या घरातील मुलगा, खेड्यातून नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि तेथून ऑलिम्पिकच्या व्यासपीठावर. तेजस्विनी आणि स्वप्निल या दोघांचे यश अवघ्या .२२ बोरच्या रायफलीने घडवले, हे मोठ्या बोरच्या मोहात पडलेल्यांनी विसरू नये.

कांबळवाडीत जे घडले, ते भिवंडी तालुक्यातील दिघाशीत का घडू नये? समजा, तेथील एखाद्या शेतकरी कुटुंबातील मुलीला नेमबाजीची ओढ लागली. पालकांपुढचा पहिला प्रश्न पैशांचा असणार. अशा वेळी भारी परदेशी रायफलीसाठी कर्ज काढणे हा विवेक नव्हे. आरंभ एअर रायफलनेच व्हावा. ठरावीक शक्तीपर्यंतच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि दहा मीटरच्या सरावाला शाळेचे एखादे सभागृहही पुरते. मात्र मागे भक्कम आडोसा आणि शेजारी जाणता प्रशिक्षक हवाच. पाया पक्का झाल्यावर जिल्हा रायफल संघटनेच्या माध्यमातून .२२ बोरकडे वळावे. तेव्हाही नळीचे नाव आणि किंमत पाहण्यापूर्वी काडतुसांच्या निरनिराळ्या लॉटची त्याच नळीवर चाचणी घ्यावी. एकाच कारखान्याच्या, एकाच पीळमानाच्या दोन नळ्यांनाही वेगवेगळे लॉट मानवतात, हा अनुभवी नेमबाजांचा नित्याचा अनुभव आहे.

येथेच समाजाचे कर्तव्य सुरू होते. धर्मवीर डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभी केली, ती शस्त्राला शिस्तीची जोड मिळावी या दृष्टीने. आज गावोगावच्या शाळा, क्रीडा मंडळे आणि सेवाभावी संस्था यांनी मिळून दोन-चार एअर रायफली सामायिक ठेवल्या, तर एका कुटुंबाला न पेलणारा भार दहा कुटुंबांना सहज पेलेल. मिरवणुकीत बंदूक उगारणे किंवा लग्नात हवेत बार काढणे म्हणजे शौर्य नव्हे. तो कायद्याने गुन्हा आहे आणि संस्कृतीनेही लज्जास्पद.

दुसरे कर्तव्य शासनाचे आणि उद्योगांचे. आपले अव्वल नेमबाज आजही जर्मनीतील उल्मच्या नळ्या आणि ब्रिटनमधील इली किंवा जर्मनीच्या आरडब्ल्यूएसची काडतुसे यांवर अवलंबून आहेत. ज्या महाराष्ट्रात १८६९ पासून खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्या महाराष्ट्रात स्पर्धेच्या दर्जाचे .२२ काडतूस मुबलक आणि माफक दरात मिळू नये, हे शोभणारे नाही. २०२१ मध्ये आयुध निर्माणींची पुनर्रचना होऊन त्यांच्या कंपन्या झाल्या. त्यांनी सैन्याच्या गरजेबरोबर खेळाडूंच्या गरजेकडेही लक्ष द्यावे. स्वदेशीचा अर्थ दुय्यम वस्तू गोड मानून घेणे असा नाही. जगाच्या कसोटीला उतरेल असे घरी घडवणे, हा आहे.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हेकट माणसाविषयी म्हणतो. पण राष्ट्राच्या तरुणाईत असाही एक पीळ हवा, जो तिला वाऱ्याने भरकटू देत नाही. तो किती असावा, हे नळीच्या बाबतीत गणित सांगते. माणसाच्या बाबतीत ते घराने, शाळेने आणि समाजाने ठरवायचे असते. दिघाशीच्या एखाद्या अंगणात हा हिशेब नीट मांडला गेला, तर पुढच्या पदकाची बातमी तेथूनही येईल.